स्कॅन केलेलं पान पुढे कुठे जातं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बडोद्यातल्या जुन्या मराठी संस्थांमधे पुस्तकं स्कॅन करायचं काम सुरू झाल्याच्या बातम्या तुमच्या पेपरात अधूनमधून येतात, वाचून खरंच आनंद होतो. पण दर बातमीत हार घातलेला स्कॅनर दिसतो, देणगीदार दिसतात, कमिटी दिसते, आणि स्कॅन झालेलं पान तिथून पुढे कुठे जातं याबद्दल एक ओळ पण नसते. मी सर्व्हरची कामं करतो, दांडिया बाजारात राहतो, दोन-तीन वाचनालयांना या बाबतीत जमेल तशी मदत करतो म्हणून हे पत्र लिहितोय. विषय थोडा टेक्निकल आहे, पण ज्यांच्याकडे एक स्कॅनर आणि कोपऱ्यात एक लिनक्सचा सर्व्हर आहे त्या सगळ्यांच्या कामाचा आहे, आणि कमिटीतल्या मोठ्या मंडळींनी पण वाचावा अशी विनंती आहे कारण निर्णय तेच घेतात.

आधी हे इतकं मनावर का घ्यायचं ते सांगतो. सयाजीराव महाराजांनी १९०६ मधे सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, १९१० मधे अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावून गावोगाव फुकट वाचनालयांचं जाळं उभं करायला घेतलं, त्यामुळे आपल्याकडे मराठी आणि गुजराती दोन्ही भाषांची जुनी पुस्तकं घराघरात आणि संस्थांच्या कपाटात अजून सापडतात. पण त्या काळातला बराचसा कागद लाकडाच्या लगद्याचा, त्याला तुरटी आणि राळेचा हात दिलेला, त्यात आतल्या आत आम्ल तयार होतं आणि कागद पिवळा पडून कडकडीत होतो. हातात घेतलं की कोपरा तुटतो. अशी काही पुस्तकं स्कॅनरवर एकदाच उघडता येतात, दुसऱ्यांदा उघडायला गेलं तर शिवण सुटते. म्हणजे स्कॅन हरवला तर परत काढू असं म्हणायची सोयच नाही. त्यात २०२४ च्या ऑगस्टमधे विश्वामित्रीचं पाणी शहरात किती आत आलं होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय, तळमजल्यावरच्या कपाटाचा आणि तळमजल्यावरच्या सर्व्हरचा भरवसा किती धरायचा ते वेगळं सांगायला नको. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की स्कॅन झालेली फाइल सर्व्हरवर पोचली की त्याच मिनिटाला तिची नोंद व्हावी, तिची प्रत बिल्डिंगच्या बाहेर जावी, आणि यातलं काही झालं नाही तर कुणाला तरी ते कळावं.

आता बहुतेक ठिकाणी काय करतात तर क्रॉन लावतात. क्रॉन म्हणजे सर्व्हरवरचा घड्याळवाला, ठरलेल्या वेळी ठरलेलं काम करतो, युनिक्सवर १९७० च्या दशकापासून आहे आणि उत्तम आहे, मी रोज वापरतो. पण दर पाच मिनिटांनी फोल्डर बघ असं त्याला सांगितलं की तो दिवसातून २८८ वेळा बघतो, त्यातल्या बहुतेक वेळा तिथे काही नसतं, आणि जेव्हा असतं तेव्हा नेमकी फाइल अर्धी उतरलेली असू शकते, हे जास्त वाईट. ए-फोर पान ३०० डीपीआयला रंगीत स्कॅन केलं आणि कॉम्प्रेस न करता टिफ या चित्राच्या फॉरमॅटमधे ठेवलं तर एक फाइल साधारण २६ एमबीची होते, वायफायवरून ती सर्व्हरवर यायला काही सेकंद लागतात, आणि क्रॉनला त्या सेकंदांशी काही देणंघेणं नसतं, त्याची वेळ झाली की तो उचलतो. एका संस्थेत मी हे बघितलंय, संस्थेचं आणि काम करून गेलेल्या कंपनीचं नाव घेत नाही. तिथली स्क्रिप्ट, म्हणजे सर्व्हरला दिलेल्या कमांडची यादी, अर्धी फाइल उचलून ओसीआरला, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रॅमला, द्यायची, ओसीआर एरर द्यायचा, स्क्रिप्ट तो एरर न वाचताच फाइल 'झालेलं काम' या फोल्डरमधे टाकून द्यायची, आणि पुस्तकाची जी पीडीएफ तयार व्हायची तिच्यात मधली पानं गायब. ग्रंथपाल ताईंनी एक पुस्तक पान न पान उलटून तपासलं तेव्हा कळलं. त्यांनी तपासलं नसतं तर मूळ पुस्तकं बांधून माळ्यावर गेली असती.

यावर उपाय लिनक्समधे २००५ पासून आहे. त्या वर्षी कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, २.६.१३ आवृत्तीत आयनोटिफाय नावाची सोय आली, रॉबर्ट लव्ह आणि जॉन मॅककचन यांचं ते काम. एखाद्या फोल्डरवर नजर ठेवायला सांगितलं की तिथे फाइल तयार झाली, लिहून बंद झाली, हलवली, पुसली की कर्नल स्वतःहून तसं कळवतो. दर पाच मिनिटांनी उठून दार उघडून बघण्यापेक्षा बेल वाजल्यावर उघडावं तसं. या सोयीवर लुकाश येलिनेक यांनी इनक्रॉन नावाचा प्रोग्रॅम लिहिला, दिसायला क्रॉनसारखाच, फरक एवढाच की ओळीच्या सुरुवातीला वेळ लिहायच्या ऐवजी फोल्डरचं नाव आणि घटना लिहायची.

बसवायला काही अवघड नाही. उबुंटू किंवा डेबियन असेल तर एपीटी या पॅकेज आणणाऱ्या कमांडने इनक्रॉन मागवायचं, रेड हॅटच्या घराण्यातलं असेल तर आधी एपेल ही जादा पॅकेजांची रिपॉझिटरी चालू करून मग मागवायचं, आणि सिस्टिमसीटीएल कमांडने सर्व्हिस एनेबल करून स्टार्ट करायची. दोन्हीकडे सर्व्हिसचं नाव थोडं वेगळं आहे, एकीकडे नुसतं इनक्रॉन आणि दुसरीकडे शेवटी डी लावलेलं, त्यामुळे सर्व्हिस सापडत नाही म्हणून घाबरू नये. नव्या सर्व्हरवर आधी पॅकेज मिळतंय का तेवढं बघावं कारण इनक्रॉनवर हल्ली नवं काम फारसं होत नाही, नाही मिळालं तर काय ते पुढे लिहितो. इन्स्टॉल झाल्यावर सगळे एका ठिकाणी अडकतात. इनक्रॉनटॅब, म्हणजे इनक्रॉनच्या ओळींचं टेबल, उघडायला गेलं की तुम्हाला परवानगी नाही असा मेसेज येतो, रूटला, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या युजरला सुद्धा येतो, आणि मग लोकांना वाटतं काहीतरी बिघडलं. बिघडलेलं काही नसतं, इटीसी फोल्डरमधे इनक्रॉन डॉट अलाऊ नावाची फाइल असते, ती असली की तिच्यात ज्यांची नावं आहेत त्यांनाच वापरता येतं, आणि डेबियनच्या पॅकेजमधे ती रिकामीच येते. ज्या युजरने काम चालवायचंय त्याचं नाव तिच्यात एका ओळीवर लिहायचं, झालं.

इथे एक आग्रहाने सांगतो, तिथे रूटचं नाव लिहू नका. स्कॅनिंगसाठी एक वेगळा युजर करा, त्याला आवक फोल्डर, म्हणजे स्कॅनरकडून फाइली जिथे येतात तो, आणि कामाचे फोल्डर एवढ्यातच वाचायची-लिहायची परवानगी द्या, बाकी काही नाही. आवक फोल्डरमधे फाइलला काय नाव द्यायचं ते बाहेरचा माणूस ठरवतो, आणि तेच नाव पुढे तुमच्या स्क्रिप्टला कमांडमधे मिळतं. नावात स्पेस किंवा चांदणी आली आणि स्क्रिप्टमधे नावाभोवती डबल कोट नसले तर कमांडचं काम भलत्याच फाइलींवर होऊ शकतं, आणि ते रूट म्हणून चाललं तर सगळा सर्व्हरच गेला. कोट घालायला दोन सेकंद लागतात.

आता मुख्य ओळ. इनक्रॉनटॅब ई पर्याय लावून उघडलं की एका ओळीत तीन गोष्टी लिहायच्या, फोल्डरचा पूर्ण पाथ (सर्व्हरवरचा पत्ता), घटना, आणि स्क्रिप्टचा पूर्ण पाथ. स्क्रिप्टच्या पुढे डॉलर-ॲट लिहिलं की नजर ठेवलेला फोल्डर कळतो आणि डॉलर-हॅश लिहिलं की आलेल्या फाइलचं नाव कळतं. पाइप वगैरे त्या ओळीत घालायच्या भानगडीत पडू नये, तिथे शेल, म्हणजे टर्मिनलवरच्या कमांड समजून घेणारा प्रोग्रॅम, नसतो, जे काय करायचं ते स्क्रिप्टमधे करावं. आणि स्क्रिप्टमधे पण प्रत्येक कमांड पूर्ण पाथने लिहावी, कारण आपण टर्मिनलवर बसलेलो असताना जे वातावरण असतं ते या सर्व्हिसला मिळत नाही, हाताने चालवलं की चालतं आणि इनक्रॉनमधून चालत नाही अशी जी तक्रार नेहमी ऐकू येते तिचं कारण बहुतेक वेळा हेच निघतं. भाषेची सेटिंग सुद्धा स्क्रिप्टच्या सुरुवातीला स्वतः यूटीएफ-आठ (देवनागरी चालणारी अक्षरपद्धत) करून घ्यावी, नाहीतर मराठी नावांची फाइल आली की लॉगमधे नुसती प्रश्नचिन्हं दिसतात.

घटना कुठली निवडायची यावर सगळं अवलंबून आहे आणि इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. नवीन माणूस साहजिकच क्रिएट निवडतो, फाइल आली की सांग. पण क्रिएट ही घटना फाइलचं नाव फोल्डरमधे उमटलं की लगेच होते, तेव्हा आत एक बाइट पण नसतो. म्हणजे क्रॉनवाली अडचण जशीच्या तशी, उलट जास्तच, कारण क्रॉन निदान कधीतरी पूर्ण फाइल उचलायचा. आपल्याला हवी ती घटना म्हणजे क्लोज-राइट, कुणीतरी लिहायला उघडलेली फाइल लिहून बंद केली. स्कॅनिंगच्या विंडोज मशीनवरून सांबा शेअरवर, म्हणजे विंडोजला दिसणाऱ्या सर्व्हरच्या फोल्डरवर, फाइल येत असेल तर सर्व्हरवर सांबाच ती लिहितो आणि बंद करतो, त्यामुळे ही घटना बरोबर मिळते. पण फाइल आरसिंक या प्रत करणाऱ्या प्रोग्रॅमने येत असेल तर तो आधी तात्पुरत्या नावाने लिहितो आणि पूर्ण झाल्यावर खरं नाव देतो, तिथे मूव्ह्ड-टू घटना धरावी लागते. दोन्ही रस्त्यांनी फाइली येत असतील तर दोन्ही घटना स्वल्पविराम देऊन लिहाव्या आणि स्क्रिप्टला सांगावं की टिंबाने सुरू होणारं आणि टिफ नसलेलं काही घ्यायचं नाही. हे टिफचं बंधन विंडोजसाठी पण हवं, कारण विंडोज नेटवर्क फोल्डरमधे लहान चित्रांची स्वतःची एक फाइल गुपचूप ठेवतो आणि तिच्यासाठी पण स्क्रिप्ट धावते.

क्लोज-राइट मिळालं म्हणजे फाइल चांगलीच आहे असं पण समजू नका. वायफाय मधेच गेलं तर सर्व्हर अर्धी फाइल पण बंदच करतो. त्यामुळे स्क्रिप्टने आधी फाइल उघडून बघावी, टिफ पूर्ण वाचता येतं का, लांबी-रुंदी मिळते का, आणि येत नसेल तर ती वेगळ्या 'अडलेल्या' फोल्डरमधे ठेवून मेल पाठवावी. चांगली असेल तर तिचा शा-२५६ चेकसम, म्हणजे फाइलचा बोटाचा ठसाच म्हणा, काढून नोंदवहीच्या फाइलमधे एक ओळ लिहावी, पुस्तकाचा दाखल क्रमांक, पान, तारीख, चेकसम. उद्या बाहेरची प्रत आणि इथली प्रत एकच आहे का हे सांगणारी दुसरी खात्रीची गोष्ट नाही.

फाइलच्या नावाबद्दल थोडं. ताई-काका मंडळी प्रेमाने पुस्तकाचं संपूर्ण नाव फाइलला देतात, लेखक, प्रकाशक, आवृत्ती सगळं. पण लिनक्सच्या एक्सटी-४ या डिस्कवरच्या मांडणीत फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे आणि यूटीएफ-आठमधे देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं, काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळे वेगवेगळे मोजले जातात. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. जुन्या पुस्तकांची नावं किती लांब असायची ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून नावात फक्त दाखल क्रमांक आणि पान क्रमांक ठेवावा, बाकीची माहिती यादीत. दाखल नोंदवही आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे, तिच्यातला क्रमांक हाच खरा पत्ता, नवीन काही शोधायची गरज नाही.

सबफोल्डर हा पण त्रासाचा भाग आहे. आयनोटिफाय स्वतःहून आतल्या फोल्डरवर नजर ठेवत नाही, फक्त सांगितलेल्या फोल्डरवर ठेवतं. प्रत्येक पुस्तकाचा नवा फोल्डर करून त्यात पानं टाकायची सवय असेल तर ती पानं कुणाला दिसणारच नाहीत, किंवा आतल्या फोल्डरवर पण नजर ठेवायची सोय वापरली तरी फोल्डर तयार झाल्यापासून नजर बसेपर्यंतच्या क्षणात आलेली पानं निसटू शकतात. मला विचाराल तर एकच सपाट आवक फोल्डर ठेवावा, त्यात कुणी फोल्डर करायचा नाही असा नियम करावा, आणि पुस्तकाप्रमाणे लावायचं काम स्क्रिप्टने दाखल क्रमांक बघून करावं.

आणि तयार झालेली पीडीएफ चुकूनही परत आवक फोल्डरमधे लिहू नये. लिहिली की परत क्लोज-राइट, परत स्क्रिप्ट, परत फाइल, हे चक्र सुरू झालं तर डिस्क भरेपर्यंत चालू राहू शकतं. आवक, काम, तयार, अडलेले असे चार फोल्डर, आणि नजर फक्त आवकवर. चारही एकाच डिस्कच्या एकाच पार्टिशनवर असले तर एकातून दुसऱ्यात हलवणं म्हणजे नुसतं नाव बदलणं, झटक्यात होतं, अर्धवट राहत नाही.

ओसीआरचं काम घटनेला थेट बांधू नये असं माझं ठाम मत आहे. टेसरॅक्ट या ओसीआर प्रोग्रॅममधे मराठीचं मॉडेल आहे, चौथ्या आवृत्तीपासून जुन्या छपाईवर सुद्धा बरं चालतं, पण एका पानाला वेळ लागतो आणि प्रोसेसर चांगलाच तापतो. कुणी पेनड्राइव्हवरून शंभर पानं एकदम आवक फोल्डरमधे टाकली तर शंभर टेसरॅक्ट एकदम सुरू होतील आणि सर्व्हर गुडघे टेकेल. म्हणून घटना झाल्यावरच्या स्क्रिप्टने हलकीच कामं करावीत, तपासणी, चेकसम, नोंद, आणि कामाच्या रांगेत टाकणं. रांगेतून एकेक पान उचलून ओसीआर करणारी दुसरी स्क्रिप्ट, तिला एफलॉक लावून ठेवायचं म्हणजे ती एका वेळी एकच चालेल. बाहेर प्रत पाठवायचं काम मात्र ओसीआरच्या आधी, कारण ओसीआर पुढच्या वर्षी पण करता येईल.

बाकी काही मर्यादा आहेत त्या पटकन सांगतो. आवक फोल्डर दुसऱ्या मशीनवरून नेटवर्कने (एनएफएस) जोडलेला असेल तर त्या दुसऱ्या मशीनवर होणारे बदल इथे कळत नाहीत, त्यामुळे इनक्रॉन जिथे डिस्क आहे तिथेच चालवायचं. एका युजरला किती फोल्डरवर नजर ठेवता येते याला मर्यादा असते, जुन्या कर्नलमधे ती ८१९२ होती, ५.११ पासून मशीनच्या मेमरीप्रमाणे ठरते. ती संपली की जो मेसेज येतो तो डिस्कवर जागा नाही असा येतो! डिस्क अर्धी रिकामी आणि मेसेज जागा नाही, लोक नवीन डिस्कचं कोटेशन मागवतात. तेव्हा असा मेसेज दिसला की आधी आयनोटिफायची मर्यादा बघावी. घटनांची रांग पण १६३८४ पर्यंतच असते, तिच्यापुढच्या घटना टाकून दिल्या जातात. आपल्या वाचनालयात एवढं काही होणार नाही, पण हलवाहलवी करताना जुना सगळा साठा एकदम ओतला तर होऊ शकतं.

रोजच्या कारभाराचं म्हणाल तर तीन गोष्टी पुरतात. इनक्रॉन प्रत्येक वेळी कुठल्या युजरसाठी, कुठल्या फोल्डरसाठी, काय चालवलं ते सिस्टिम लॉगमधे लिहितो, जर्नलसीटीएलने दिसतं, आठवड्यातून एकदा बघावं. चालू टेबल एल पर्यायाने दिसतं, ते छापून सर्व्हरच्या शेजारी भिंतीवर लावावं आणि खाली मराठीत लिहावं की ही ओळ काय करते, बंद पडली तर कुणाला फोन करायचा. आणि टेबल बदलताना ई दाबावं, त्याच्या शेजारी आर आहे, आरने सगळं टेबल पुसलं जातं, म्हणून बदलायच्या आधी एल करून एका फाइलमधे प्रत काढून ठेवावी. भिंतीवरच्या कागदाचं कुणाला महत्त्व वाटत नाही पण सगळं बसवून देणारा मुलगा वर्षभरात पुण्याला किंवा कॅनडाला जातो, आणि मागे राहतात ताई आणि एक बंद दिवा. निदान दोघांना हे माहीत असलं पाहिजे, आणि त्यातला एक रोज वाचनालयात बसणारा असला पाहिजे.

आता ज्या मुद्द्यासाठी मुख्यतः हे पत्र लिहायला बसलो तो. आयनोटिफायला फक्त तेव्हा घडलेलं कळतं जेव्हा ते जागं असतं. सर्व्हिस बंद होती, सर्व्हर अपडेटनंतर परत चालू होत होता, कुणी सर्व्हिस थांबवून परत चालू करायला विसरलं, त्या वेळात जी फाइल आवक फोल्डरमधे आली तिची घटना कायमची गेली. नंतर सर्व्हिस चालू झाली तरी ती मागे वळून फोल्डर बघत नाही. फाइल तिथेच पडून राहते, एरर नाही, मेल नाही, लॉगमधे ओळ नाही. पावसाळ्यात लाइट जाते-येते, यूपीएसची बॅटरी कुणी बदललेली नसते, स्कॅनिंगचा लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर चालू असतो, सर्व्हर वर येतो पण सर्व्हिस यायला थोडा वेळ लागतो, आणि तेवढ्यात चार पानं येऊन पडतात. असं होणारच आहे, फक्त कधी ते माहीत नाही.

म्हणून घटनेवर चालणारं काम बसवलं की घड्याळवाला काढून टाकायचा नाही. रात्री एकदा क्रॉनने आवक फोल्डरची फेरी मारायची, तासाभरापेक्षा जुनी जी फाइल तिथे अजून पडलीये ती त्याच स्क्रिप्टच्या हातात द्यायची, आणि सकाळी ग्रंथपालांना एक मेल, काल किती पानं आली, किती नोंदली, किती बाहेर गेली, किती अडली. पहिले तिन्ही आकडे जुळले तर चहा प्यावा, नाही जुळले तर फोन करावा. यासाठी स्क्रिप्ट अशी लिहायची की तीच फाइल दोनदा आली तरी बिघाड होऊ नये, चेकसम आधीच नोंदलेला असेल तर गप्प बसायचं. काही स्कॅनरचं सॉफ्टवेअर एकच फाइल दोन-तीनदा उघडून बंद करतं, त्यालाही हे लागतंच.

ज्यांच्या सर्व्हरवर इनक्रॉन मिळत नाही त्यांनी सिस्टिमडीचं, म्हणजे सर्व्हिस चालू-बंद करणाऱ्या लिनक्सच्या भागाचं, पाथ युनिट वापरावं, तेही आतून आयनोटिफायच वापरतं आणि नवीन लिनक्सवर आधीपासून असतं. त्यात फोल्डर रिकामा नाही अशी एक अट लावता येते, डिरेक्टरी-नॉट-एम्प्टी, आणि तिचा फायदा हा की सर्व्हर चालू होताना फोल्डरमधे आधीच काही पडलेलं असेल तर काम लगेच सुरू होतं, म्हणजे वर लिहिलेल्या अडचणीचा मोठा भाग तिथेच सुटतो. कुठली फाइल आली हे मात्र ते सांगत नाही, फोल्डर वाचून आपणच शोधायचं, आणि फाइल पूर्ण उतरलीये का तेही आपणच बघायचं. नवीन बसवणाऱ्यांना मी हल्ली हेच सुचवतो. जिथे इनक्रॉन नीट चालू आहे तिथे उगीच बदलू नये. रात्रीची फेरी दोन्हीकडे हवी.

कमिटीवाल्यांना शेवटी एक सांगणं. स्कॅनिंगचं कंत्राट देताना किती पानं, किती डीपीआय, किती रुपये पान हे सगळं लिहिलेलं असतं. त्यातच लिहा की रोज सकाळी आलेल्या आणि नोंदलेल्या पानांचा हिशेब मिळाला पाहिजे, वापरलेली प्रत्येक स्क्रिप्ट आणि टेबल संस्थेकडे राहिलं पाहिजे, आणि पैसे द्यायच्या आधी एक दिवस मुद्दाम सर्व्हिस बंद करून, आवक फोल्डरमधे दहा पानं टाकून, ती दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत नोंदली गेली का ते तुमच्यासमोर दाखवलं पाहिजे. या चाचणीला एक पैसा लागत नाही. जी कंपनी याला तयार होत नाही तिला मूळ पुस्तकं हातात देऊ नका, कितीही स्वस्त असली तरी.

पत्र लांबलंय याची कल्पना आहे. जागेसाठी कापायचं झालं तर महाराजांचा आणि मर्यादांचा भाग कापा, रात्रीच्या फेरीचा आणि कंत्राटाचा भाग मात्र पूर्ण छापा ही विनंती.

आपला,
एक वाचक
दांडिया बाजार, बडोदा